मित्रमंडळींना बोलवायचं, पण जेवायला की चहाला?

यजमान वॉकरवर, घरात त्यांना सांभाळणारी दिवसपाळीची मावशी आणि येणारे पाच जुने मित्र, तेही सत्तरीच्या पुढचे. एवढं गृहीत धरून लिहितोय. आपल्याकडे 'जेवायलाच या' म्हटल्याशिवाय बोलावल्यासारखं वाटत नाही, म्हणून चहाचा विचार सहसा मागे पडतो. दोन्ही करून झाल्यावर आमच्याकडे चहा ठरला. पण जेवणाची बाजू लंगडी नाही.

एरवी दोन घास खाऊन ताट सरकवणारा माणूस चारचौघांत बसला की भाकरीसुद्धा मागून घेतो. लांबून, दोन बस बदलून येणाऱ्याला नुसत्या चहासाठी बोलवायला संकोच होतो. घरी पोळ्यांना वेगळी बाई येत असेल तर जेवणाचा अर्धा भार तिथेच उतरतो. पार्किन्सन्सच्या काही जणांचं अंग सकाळच्या गोळीनंतरच मोकळं असतं, आणि चारपर्यंत ते पुन्हा जड होतं. त्यांनी पुढचं न वाचता जेवणच ठेवावं.

बाकीच्यांसाठी अडचण एकच आहे, आणि ती ताटात नाही, टेबलाच्या रचनेत आहे. सकाळी आठला लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी गोळी घेतली की तिचा जोर साधारण सहा तास राहतो, म्हणजे दोनपर्यंत. साडेबाराला पंगत बसते तेव्हा यजमान भिंतीकडच्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना पाहुणे, आणि मावशीचे हात कणकेत. नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं असतं. हाक मारली की सगळ्यांना कळतं, न मारली तर माणूस स्वतःच उठायला बघतो. मावशीने हात धुऊन, पुसून येईपर्यंत दोन मिनिटं सहज जातात, शेजारच्याला खुर्ची सरकवावी लागते, आणि त्या घाईतच तोल जातो. बरं, घाईत ओल्याच हाताने आधार दिला तर पकड सुटते. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. गोळीची वेळ पुढे ढकलून हे सुटेलही, पण ते डॉक्टरांना विचारून. पाहुणे येणार म्हणून मनाने गोळी चुकवू नये.

साधं किंवा ३०-७० मिश्रणाचं मानवी इन्सुलिन असेल तर आणखी एक गोष्ट. ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, आणि पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले की तो अर्धा तास सव्वा तास होतो. तेवढ्यात रक्तातली साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर दिसली तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. जेवणच ठेवलं असेल तर यजमानाने आपल्या वेळेला जेवून घ्यावं आणि पंगतीत ताक घेऊन बसावं. ते जरा विचित्र दिसतं, पण चालतं.

आता चहा. वेळ चार ते साडेपाच. दुपारची झोप झालेली असते, गोळीचा जोर ओसरलेला असतो, आणि आठला पाळी बदलायच्या आत मावशीला आवराआवरीला वेळ मिळतो. (कोजागिरी रात्री करण्याचा हट्ट इथेच फसतो: दूध आटत असतं आणि मावशी बदललेली असते.) बसायचं हॉलमध्ये. यजमानाची खुर्ची हातांची, गुडघ्याइतक्या उंचीची, बाथरूमच्या दाराकडची. वाटेतलं पायपुसणं उचलून ठेवायचं. मावशीची खुर्ची यजमानाच्या कमजोर बाजूला, आणि आधीच ठरवलेलं एक वाक्य. 'औषधाची वेळ झाली का गं?' म्हटलं की ती उठते. कुणाला काही कळत नाही.

खाण्यात उपमा सगळ्यांत बिनत्रासाचा. मावशीसह सात जणांना अडीच वाट्या रवा पुरतो. तो सकाळीच भाजून ठेवावा आणि पाणी तिप्पट घालावं, कारण गार होताना उपमा घट्ट होत जातो आणि कोरडा घास घशात अडतो. गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी शिंपडून तीन मिनिटं झाकण. शेंगदाणे नकोत, वरून खोबरंही नको. कवळीखाली तेच जाऊन बसतं. चिवडा वेगळ्या वाटीत, दात असणाऱ्यांसाठी. गिळायला त्रास असलेल्याने चहात खारी बुडवणं टाळावं: अर्धं घट्ट, अर्धं पातळ असं एकदम तोंडात आलं की ठसका लागतो.

चहाला आलं पाण्यातच उकळून घ्यावं, दूध नंतर, नाहीतर कधीकधी दूध फाटतं. गाळून थर्मासमध्ये भरला की दुसऱ्या फेरीला मावशीला उठावं लागत नाही, मात्र तासाभराने चव उतरते. हात थरथरत असेल तर बशी नको. रुंद कानाचा मग, अर्धाच भरलेला.

चहाचेही तोटे आहेतच. दीड तासात गप्पा रंगात येतात आणि उठायची वेळ होते. चहाने पुन्हा लघवीला लागतं, पण तेव्हा मावशीचे हात रिकामे असतात. विस्मरणाचा आजार असेल आणि दिवेलागणीला माणूस बावरत असेल, तर साडेतीनलाच बोलवावं.

आणि ब्युरोकडून, म्हणजे अशा मावश्या पुरवणाऱ्या संस्थेकडून, आलेल्या मावशीशी आधी बोलून ठेवावं. तिचं काम बहुधा पेशंटपुरतं ठरलेलं असतं. पाच जणांचा स्वयंपाक त्यात बसत नाही, उपमा आणि सहा कप चहा एखादे वेळी बसतो. जास्तीचे पैसे द्यायचे ते त्याच दिवशी द्यावेत. लांबून येणाऱ्यांसाठी जेवण करायचंच झालं, तर पोळीभाजी बाहेरून मागवावी आणि मावशीला स्वयंपाकघरात पाठवू नये.