ओत्रांतो की गाल्लीपोली : सालेंतोमध्ये मुक्काम कुठे करावा?

लेच्चे शहर पाहून झाले, आता सालेंतोत, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेत, समुद्रकाठी दोन-चार रात्री काढायच्या, असे ठरवणाऱ्यासमोर बहुधा ही दोन नावे येतात : पूर्वेला एड्रियाटिकवरचे ओत्रांतो आणि पश्चिमेला आयोनियन समुद्रावरचे गाल्लीपोली. (पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक जिथे लढले ते तुर्कस्तानातले गाल्लीपोली वेगळे, खोली आरक्षित करताना एवढे पाहून घ्यावे.) दोन्हींमधले अंतर मोटारीने तासाभराचेही नाही, त्यामुळे एका ठिकाणी राहून दुसरे दिवसभरात पाहता येते आणि प्रश्न केवळ रात्री कुठे काढायच्या एवढाच उरतो. आम्ही नवरा-बायको सप्टेंबरच्या शेवटी पाच रात्रींसाठी गेलो आणि तीन गाल्लीपोलीला, दोन ओत्रांतोला अशी वाटणी केली. ही वाटणी उलटी असती तर बरे झाले असते असे मला वाटते, आणि त्यामागचे कारण इतके किरकोळ आहे की इतरांना ते कदाचित कारणही वाटणार नाही.

इतिहासाच्या बाबतीत ओत्रांतोचा सारा भार एका उन्हाळ्यावर आहे. जुलै १४८०च्या अखेरीस गेदिक अहमद पाशाच्या हाताखालचे उस्मानी आरमार या किनाऱ्यावर उतरले, ११ ऑगस्टला शहर पडले आणि १४ ऑगस्टला मिनर्व्हाच्या टेकडीवर सुमारे आठशे पुरुषांचा शिरच्छेद झाला. धर्मांतराला नकार दिल्यामुळे हे घडले अशी चर्चची परंपरा सांगते. काही आधुनिक इतिहासकार त्यामागे युद्धनीती अधिक पाहतात. पुढच्याच वर्षी उस्मानी सुलतान दुसरा मेहमद वारला आणि १४८१च्या सप्टेंबरात शहर परत मिळाले. त्या मृतांच्या कवट्या आणि हाडे कॅथेड्रलच्या एका बाजूच्या प्रार्थनागृहात काचेच्या उंच कपाटांत रचून ठेवलेली आहेत. १२ मे २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. ते देण्याचा निर्णय ज्या बैठकीत जाहीर झाला, त्याच बैठकीत, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, पोप बेनेडिक्ट यांनी आपला राजीनामाही जाहीर केला होता, त्यामुळे ओत्रांतोच्या वाट्याला यायची बातमी बिचारी कुठल्या कुठे झाकली गेली.

मात्र त्या कॅथेड्रलमध्ये जायचे ते हाडांसाठी नव्हे, तर पायाखालच्या जमिनीसाठी. पांतालेओने नावाच्या एका साधूने ११६३ ते ११६५ या काळात संपूर्ण फरशीभर दगडी तुकड्यांचे एक अफाट चित्र जुळवले. मध्यभागी एक वृक्ष आहे आणि तो वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे. त्याच्या फांद्यांमध्ये नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, बारा राशींसह बारा महिन्यांची शेतीची कामे, गरुडमुखी सिंहांकरवी आकाशात उचलला जाणारा सिकंदर आणि शिंगे असलेल्या जनावरावर स्वार झालेला राजा आर्थर असे सगळे एकत्र नांदतात. ओत्रांतोजवळ त्या काळी कासोलेचा ग्रीक मठ आणि त्याचे ग्रंथालय होते, त्यामुळे इतक्या ठिकाणच्या कथा एका जमिनीवर कशा आल्या याचे फारसे नवल वाटू नये. मला त्यातले हत्ती फार आवडले. ज्याने ते जुळवले त्याने हत्ती पाहिला असेल असे त्यांच्या पायांकडे पाहून वाटत नाही, पण वजन पेलणाऱ्या प्राण्याचा सोशिकपणा मात्र त्याला नेमका कळला होता. एक खंत सांगितलीच पाहिजे : आम्ही गेलो तेव्हा मधल्या भागाला दोर लावलेले होते आणि कडेने चालत, मान वाकडी करून पाहावे लागत होते. दुपारी कॅथेड्रल बंद असते, म्हणून सकाळी उघडताच जावे. दहानंतर सहलींचे गट येऊ लागतात.

गाल्लीपोलीपाशी अशी एकच मोठी कलाकृती दाखवता येणार नाही. तिथे आहे तो धंद्याचा इतिहास, आणि तो मला अनपेक्षितपणे अधिक जवळचा वाटला. अठराव्या शतकात हे गाव दिव्याच्या तेलाचे मोठे बंदर होते. खाण्याच्या योग्यतेचे नसलेले ऑलिव्हचे तेल इथून जहाजांनी निघे आणि लंडनसह उत्तर युरोपातल्या शहरांचे दिवे त्यावर जळत. तेल गाळण्याचे घाणे घरांच्या खाली, खडक खोदून केलेल्या तळघरांत होते, कारण हिवाळ्यात वर तेल थिजते आणि खाली माणसे, जनावरे व दिवे यांच्या उबेमुळे ते वाहते राहते. पालाझ्झो ग्रानाफेई या वाड्याच्या खालचा घाणा आज पाहता येतो. डोळ्यांवर झापड बांधलेले जनावर दगडाभोवती फिरत राहायचे, हे वर्णन आपल्याकडच्या तेलघाण्यामुळे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण कामगार पानगळीच्या दिवसांत खाली उतरत आणि वसंत ऋतूपर्यंत तिथेच राबत, हे ऐकून त्या ओलसर काळोखात उभे असताना अंगावर काटा येतो. त्यांच्या मुकादमाला ‘नाकीरो’ म्हणत. हा शब्द ग्रीक भाषेतल्या जहाजाच्या कप्तानासाठीच्या शब्दावरून आला आहे.

त्या तेलाच्या पैशातून उभी राहिलेली चर्चे जुने गाव ज्या बेटावर आहे त्याच्या कडेने समुद्राकडे तोंड करून आहेत आणि त्यांतली बरीचशी निरनिराळ्या धंद्यांच्या मंडळांची आहेत. सांता मारिया देल्ला पुरिता हे बंदरावरच्या हमालांचे होते. बाहेरून साधे दिसणारे हे चर्च आतून चित्रांनी भिंतभर भरलेले आहे. संत आगाथेच्या कॅथेड्रलचा मधाळ रंगाच्या दगडातला दर्शनी भाग सुरेख आहे, पण समोरची गल्ली इतकी अरुंद आहे की तो पाहायला मागे सरकायला जागा नाही.

आता त्या किरकोळ कारणाकडे येतो. गाल्लीपोलीचे जुने गाव बेटावर आहे आणि ते मुख्य भूमीला एका जुन्या पुलाने जोडलेले आहे. एकाच. पोस्टकार्डावर तो पूल सुंदर दिसतो. पहिल्या संध्याकाळी आम्हालाही दिसला. आम्ही खोली घेतली होती बेटाच्या पश्चिम टोकाला, सूर्यास्त दिसावा म्हणून. त्यानंतर जे काही हवे होते ते सगळे पुलापलीकडे निघाले : मोटार ठेवण्याची जागा, मोठे किराणा दुकान, रेल्वे स्थानक आणि, पत्नीचे गुडघे दुसऱ्या दिवशी कुरकुरू लागल्यावर, आम्हाला उघडे सापडलेले औषधांचे दुकान. प्रत्येक खेप माझ्या चालीने जाऊन-येऊन पाऊण तासाची, आणि संध्याकाळी सहानंतर तर सगळे गाव, सगळे पाहुणे, बाबागाड्या आणि आइस्क्रीम एकाच वेळी त्याच पुलावरून उलट्या दिशेने येत असतात. तिसऱ्या दिवशी मी हिशेब केला तेव्हा एका दिवसात आठ वेळा तो पूल ओलांडला होता. हाच सप्टेंबरचा शेवट असेल, तर ऑगस्टमध्ये, तरुण मंडळी नाचगाण्यासाठी इथे लोटतात तेव्हा, काय होत असेल याची मी कल्पनाच करतो.

ओत्रांतोचे जुने गावही तटाच्या आत आहे, मोटार तिथेही बाहेरच ठेवावी लागते आणि चढणीवरचे गुळगुळीत दगड पावसात नक्कीच घसरडे होत असणार. पण तटाचा दरवाजा ओलांडला की आपण थेट नव्या गावात असतो, आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन यायला मला दहा मिनिटे पुरली. गुडघ्यांचे मत मी विचारले नाही. तिथे त्यांचा विषयच निघाला नाही.

परंपरांमध्ये गाल्लीपोलीचे पारडे जड आहे, हे मान्य करायला हवे. गुड फ्रायडेच्या वेळी चेहरे झाकून निघणाऱ्या मंडळांच्या मिरवणुका, जुलैमध्ये संत क्रिस्तीनेच्या उत्सवात समुद्रावर आडवा धरलेला, चरबी लावलेला खांब चढून टोकाचा झेंडा काढण्याची चढाओढ, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जाळले जाणारे ‘पुपी’ नावाचे भलेथोरले पुतळे. मुंबईतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये त्याच रात्री जळणारा ‘ओल्ड मॅन’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे घरचेच वाटेल. ओत्रांतो त्या रात्री वेगळे काही करते : तिथे लोक दक्षिणेकडच्या पालाशिया टोकाजवळ, म्हणजे इटलीच्या सर्वांत पूर्वेकडच्या बिंदूवर, नव्या वर्षाचा देशातला पहिला सूर्योदय पाहायला जमतात.

खाण्यात मासे खाणाऱ्याने दुसरा विचार न करता गाल्लीपोली निवडावे. पुलाच्या बाजूच्या मासळीबाजारात जांभळी कोळंबी आणि समुद्री अर्चिन तिथल्या तिथे कच्चे खाणारे लोक दिसतात. तळलेले छोटे मासे केशर घातलेल्या व्हिनेगरच्या पावचुऱ्यात मुरवून केलेली ‘स्कापेचे’ ही तिथलीच. आम्ही शाकाहारी असल्यामुळे आमचे भागले ते सुक्या बाकल्याच्या दाण्यांच्या, पिठल्याशी नाते सांगणाऱ्या लगद्यावर आणि सोबतच्या कडवट चिकोरीच्या भाजीवर, आणि ते दोन्ही गावांत सारखेच चांगले मिळाले.

राहिला समुद्र. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याचे अप्रूप नाही, आणि गाल्लीपोली नेमके तेच दाखवते, जरी अतिशय देखणेपणाने. ओत्रांतोच्या पेलास्जी बुरुजावर मात्र पावणेसातच्या सुमारास तो पाण्यातून वर आला, आणि त्याच्या आधीची काही मिनिटे समोर अल्बानियाच्या डोंगरांची रेघ दिसत होती. सामुद्रधुनी तिथे जेमतेम सत्तर-बहात्तर किलोमीटर रुंद आहे, हे वाचून माहीत होते, पण १४८०ची बातमी गावाला किती उशिरा कळली असेल हे त्या रेघेकडे पाहताना समजले.

तेव्हा तीन रात्री असतील तर तिन्ही ओत्रांतोला काढून गाल्लीपोलीला एका दिवसाची फेरी मारावी, सकाळी घाणा आणि दुपारनंतर तटावरची चक्कर अशी, आणि सूर्यास्ताची वाट न पाहता, पूल भरण्याआधी, निघावे. ज्यांना गाल्लीपोलीलाच राहायचे आहे त्यांनी खोली बेटाच्या टोकाला न घेता पुलाजवळ घ्यावी. पत्नीला हा सल्ला मान्य नाही. तिच्या मते चूक गावाची नव्हती, खोली निवडणाऱ्याची होती.