एडगर: अवकाश कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांसाठी काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकी बाजारातल्या अवकाश कंपन्यांवर छोट्या गुंतवणूकदारांची चर्चा चालते ती दोनच प्रश्नांभोवती: पुढचं उड्डाण कधी, आणि भाव कुठवर जाणार. कंपनीचे एकूण शेअर आज किती आहेत आणि पुढच्या वर्षी किती असतील, हे फार थोडे विचारतात. या क्षेत्रात रॉकेट पडल्यामुळे पैसे जातात तसेच रॉकेट नीट उडूनही जातात, कारण शेअरांची संख्या वाढत राहते आणि आपला हिस्सा पातळ होत जातो. त्याचा हिशेब जिथे फुकट मिळतो ती जागा म्हणजे अमेरिकेच्या बाजार नियामकाची, एसईसीची, एडगर ही कागदपत्रांची व्यवस्था. काही महिने रोज वापरल्यावर ती कशी वाटली, कुठे उपयोगी पडली आणि कुठे डोकेदुखी ठरली, ते इथे लिहिलं आहे.

सुरुवात सोपी आहे. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. कंपनीचं नाव किंवा शेअरचं लघुनाव टाकलं की तिने दाखल केलेले सगळे कागद तारखेनुसार दिसतात. पहिला अडथळा मात्र लगेच येतो. रॉकेट लॅब, एएसटी स्पेसमोबाइल, इंट्युटिव्ह मशीन्स, व्हर्जिन गॅलेक्टिक या सगळ्या कंपन्या स्पॅकच्या वाटेने, म्हणजे आधीच नोंदलेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होऊन बाजारात आल्या. त्यामुळे जुने कागद पुष्कळदा त्या रिकाम्या कंपनीच्या नावाखाली असतात. एएसटीचा २०२१ आधीचा इतिहास हवा असेल तर ‘न्यू प्रॉव्हिडन्स’ हे नाव माहीत असावं लागतं. नावाऐवजी कंपनीचा सीआयके क्रमांक, म्हणजे एसईसीने दिलेला ओळख क्रमांक, जपून ठेवला तर हा गोंधळ बराच कमी होतो.

सगळ्यात आधी उघडायचा तो १०-क्यू, म्हणजे तिमाही अहवाल. त्याच्या पहिल्याच पानावर भागधारकांच्या हातात असलेल्या एकूण शेअरांची संख्या असते, आणि ती तिमाही संपल्याच्या तारखेची नसून अहवाल दाखल होण्याच्या सुमाराची असते. आत ताळेबंदात दिलेली संख्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसाची असते. या दोन आकड्यांतला फरक पाहायचा. तिमाही संपल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत कंपनीने बाजारात गुपचूप शेअर विकले असतील तर ते इथेच उघडे पडतात. या एका तुलनेला दोन मिनिटं लागतात, आणि माझ्या मते एडगरवरची सगळ्यात मोलाची सवय हीच.

इथे एक सापळा आहे. एएसटी आणि इंट्युटिव्ह मशीन्ससारख्या कंपन्यांत शेअरांचे अ, ब, क असे वर्ग आहेत. बाजारात फक्त ‘अ’ वर्गाची उलाढाल होते, पण बाकीच्या वर्गांमागचे मालकही त्याच धंद्याचे वाटेकरी असतात. भाव दाखवणारी कित्येक संकेतस्थळं केवळ ‘अ’ वर्गाला भावाने गुणून बाजारमूल्य सांगतात. मग कंपनी आहे त्याहून बरीच स्वस्त दिसते आणि चर्चेत ‘अजून स्वस्तच आहे’ असं ठासून सांगितलं जातं. पहिल्या पानावरचे सगळे वर्ग मिळवूनच गुणाकार करावा. मूल्य ज्यांना खरोखर ताणून बघायचं आहे त्यांनी टिपांमधला आणखी एक तक्ता शोधावा. तोट्यातल्या कंपनीला प्रतिशेअर तोटा काढताना पुढे ज्यांचे शेअर होऊ शकतात ते वॉरंट, कर्मचाऱ्यांचे ऑप्शन आणि परिवर्तनीय रोखे मोजता येत नाहीत, कारण ते धरले तर तोटा उलट कमी दिसेल. म्हणून ते वगळले जातात आणि वगळलेली संख्या एका छोट्या तक्त्यात येते. उद्याचे शेअर त्या तक्त्यात आहेत.

दुसरं काम, रोख किती दिवस पुरेल याचं. ताळेबंदातली रोख आणि लगेच मोडता येणारे रोखे यांची बेरीज घ्यायची. रोख प्रवाहाच्या तक्त्यातून कामकाजात गेलेली रोख आणि यंत्रसामग्रीवर झालेला खर्च यांची बेरीज घ्यायची. पहिलीला दुसरीने भागलं की किती तिमाह्या निघतील ते कळतं. चूक इथे होते: १०-क्यूमधला रोख प्रवाह वर्षाच्या सुरुवातीपासूनचा असतो. तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात नऊ महिन्यांचा आकडा दिसतो, तो एका तिमाहीचा समजला तर कंपनी तिप्पट वेगाने पैसे जाळतेय असं वाटतं. नऊ महिन्यांच्या आकड्यातून मागच्या अहवालातला सहा महिन्यांचा वजा करायचा. चौथ्या तिमाहीचा वेगळा १०-क्यू येतच नाही; तिथे वार्षिक १०-के मधून नऊ महिने वजा करावे लागतात. आणि कामकाजाबरोबर यंत्रसामग्रीचा खर्च धरणं विसरू नये. उपग्रहांचा ताफा उभारणाऱ्या कंपनीचा खरा पैसा तिथेच जातो.

पैसे संपत आले की कंपनी काय करणार हेही आधीच लिहिलेलं असतं. एस-३ म्हणजे पुढे शेअर विकण्यासाठी घेऊन ठेवलेली परवानगी, साधारण तीन वर्षं चालणारी. ती आली म्हणजे विक्री झाली असं नाही, पण चर्चेत तेवढ्यावरच धावाधाव सुरू होते. खरी विक्री ४२४बी५ या कागदात दिसते: किती, कुठल्या भावाने, कोणत्या दलालामार्फत. त्यातला ‘बाजारभावाने विक्री’ हा प्रकार नीट समजून घ्यावा, ज्याला सगळे एटीएम म्हणतात. त्यात रोजच्या उलाढालीत थोडे थोडे शेअर सोडले जातात आणि प्रत्येक दिवसाची घोषणा होत नाही. किती विकले ते पुढच्या १०-क्यूमध्ये, रोख उपलब्धतेच्या भागात किंवा तिमाहीनंतरच्या घडामोडींच्या टिपेत कळतं. सुट्या शेअरांचं मूल्य साडेसात कोटी डॉलरपेक्षा कमी असलेल्या कंपनीला एस-३ वर बारा महिन्यांत त्या मूल्याच्या एक तृतीयांशाहून जास्त विकता येत नाही. त्यामुळे अगदी छोट्या कंपन्यांमध्ये भाव अचानक उसळला की विक्रीची मर्यादाही वाढते आणि लगोलग ४२४बी५ येतो. हा क्रम एकदा ओळखीचा झाला की अशा उसळीत धावत जाऊन खरेदी होत नाही.

व्हर्जिन गॅलेक्टिकचं उदाहरण प्रत्येकाने कागदांसह वाचावं. ११ जुलै २०२१ ला कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन स्वतः उड्डाण करून सुखरूप परतले. दुसऱ्याच दिवशी कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंतचे शेअर विकण्याचा कागद दाखल केला आणि भाव सुमारे १७ टक्के पडला. उड्डाण पूर्ण यशस्वी होतं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर तो निर्णय शहाणपणाचाच होता, उत्साहाच्या दिवशी चढ्या भावात पैसे उभे करण्याचा. जून २०२४ मध्ये याच कंपनीने २० शेअरांचा १ केला.

असे शेअर एकत्र करण्यामागे बहुतेक वेळा नॅस्डॅक किंवा न्यूयॉर्क बाजाराचा एक डॉलरचा नियम असतो. नॅस्डॅकवर सलग ३० कामकाजाचे दिवस भाव एक डॉलरखाली राहिला की नोटीस येते आणि साधारण १८० दिवसांची मुदत मिळते. ही नोटीस ८-के च्या ३.०१ या कलमाखाली दिसते. ८-के म्हणजे महत्त्वाच्या घटनेनंतर चार कामकाजाच्या दिवसांत द्यायचा कागद. त्यातली काही कलमं पाठ असलेली बरी: ४.०१ लेखापरीक्षक बदलला, ४.०२ आधीच्या हिशेबांवर विसंबू नका, ५.०२ मोठा अधिकारी गेला किंवा आला. ४.०२ दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो वाचावा. अ‍ॅस्ट्रा या रॉकेट कंपनीचे कागद क्रमाने वाचले तर ही उतरंड पायरीपायरीने दिसते: जुलै २०२१ मध्ये नोंदणी, सप्टेंबर २०२३ मध्ये १५ चा १, आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी प्रतिशेअर ५० सेंटने कंपनी बाजारातून काढून घेतली.

स्पॅकच्या काळातले कागदही अजून शिकवतात. विलीनीकरणाआधीच्या सादरीकरणात दाखवलेली रक्कम आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम यांत फार अंतर असतं, कारण रिकाम्या कंपनीचे मूळ गुंतवणूकदार पैसे परत मागू शकतात. उपग्रह सोडणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिट या कंपनीला ४८.३ कोटी डॉलरपर्यंत मिळतील असं सांगितलं गेलं होतं, मिळाले सुमारे २२.८ कोटी. ९ जानेवारी २०२३ ला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून केलेलं उड्डाण फसलं आणि ४ एप्रिलला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. उड्डाण फसणं हे निमित्त झालं. दुसऱ्या प्रयत्नासाठी लागणारी गंगाजळी डिसेंबर २०२१ पासूनच अपुरी होती.

कंत्राटांच्या बाबतीत एडगर चर्चेपेक्षा खूपच सरस. सप्टेंबर २०२४ मध्ये इंट्युटिव्ह मशीन्सला नासाचं चंद्राभोवतालच्या दळणवळणाचं काम मिळालं आणि ४.८२ अब्ज डॉलर हा आकडा सगळीकडे फिरला. ती कमाल मर्यादा होती, मुदतवाढ धरून. अशा कंत्राटात पैसे कामाच्या एकेका आदेशानुसार मिळतात. १०-क्यूच्या टिपांमध्ये ‘उरलेली कामगिरी’ या अर्थाची एक रक्कम असते आणि त्यातली किती पुढच्या बारा महिन्यांत महसुलात येईल तेही लिहिलेलं असतं. बातमीतला आकडा आणि ही रक्कम शेजारी शेजारी ठेवावी. सरकारी ग्राहक स्वतःच्या सोयीने कंत्राट संपवू शकतो, हे वाक्य जोखमींच्या यादीत असतं, ते छापील रिवाज म्हणून सोडू नये.

संचालक आणि बड्या अधिकाऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या ४ क्रमांकाच्या अर्जावरून फार गैरसमज पसरतात. अर्जात व्यवहाराचं अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे बाजारातून खरेदी, ‘एस’ म्हणजे विक्री, ‘एफ’ म्हणजे मिळालेल्या शेअरांवरचा कर भागवण्यासाठी कापलेले शेअर. ‘एफ’ला कुणी ‘मालक पळाला’ म्हणत असेल तर दुर्लक्ष करावं. ‘एस’ दिसला तरी तळटीप वाचावी. तीही कराचीच विक्री असू शकते, किंवा आधी ठरवून दिलेल्या योजनेची, ज्यासाठी आता अर्जावर वेगळी चौकट आहे. उलट १३एफवरून, म्हणजे बड्या संस्थांकडे कोणते शेअर आहेत ते सांगणाऱ्या तिमाही कागदावरून, ‘मोठ्या संस्था घुसल्या’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ती माहिती तिमाही संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत शिळी असते, आणि त्यातले बरेच निर्देशांक फंड असतात, ज्यांना ती कंपनी घ्यावीच लागते.

भारतात बसून वापरणाऱ्यांना वेळेचा एक चांगला फायदा आहे. अमेरिकी बाजार उन्हाळ्यात आपल्या रात्री दीड वाजता आणि हिवाळ्यात अडीच वाजता बंद होतो, आणि नकोशा घोषणा बऱ्याचदा त्यानंतर येतात. एडगर तिथल्या रात्री दहापर्यंत कागद घेतं, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. सकाळी चहाच्या वेळेला आदल्या दिवसाचं सगळं दाखल झालेलं असतं आणि बाजार उघडायला संध्याकाळचे सात किंवा आठ वाजायचे असतात. शांतपणे वाचायला पूर्ण दिवस मिळतो. दर कंपनीसाठी आरएसएस, म्हणजे नवा कागद आला की आपोआप कळवणारी सोय, लावून ठेवली की रोज पान उघडून बघावं लागत नाही.

आता त्रास. मोबाइलवर हे सगळं वाचणं जवळपास अशक्य. तक्ते फाटतात, शोध नीट चालत नाही. संपूर्ण मजकुरातला शोध चांगला आहे, पण २००१ पासूनच्याच कागदांवर चालतो. जोडलेल्या करारांतल्या किमती आणि तारखा अनेकदा चांदण्या टाकून झाकलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. शेअर एकत्र केलेल्या कंपनीचे जुने कागद जुन्याच संख्येत राहतात, त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना गुणोत्तराने भाग द्यायचा राहून जातो. परदेशी कंपनी म्हणून नोंदलेल्या काहींचे १०-क्यू येतच नाहीत, वार्षिक २०-एफ आणि अधूनमधून येणाऱ्या ६-के वर भागवावं लागतं. स्वतःचा प्रोग्राम लिहून आकडे खेचणाऱ्यांनी सेकंदाला १० विनंत्यांची मर्यादा पाळावी आणि आपली ओळख विनंतीत द्यावी, नाहीतर प्रवेश अडवला जातो.

आणि एक गोष्ट एडगर सांगत नाही, ती म्हणजे तंत्रज्ञान चालेल की नाही. २४ डिसेंबर २०२५ ला इस्रोच्या एलव्हीएम३ ने श्रीहरिकोट्याहून एएसटीचा सुमारे ६,१०० किलोचा ब्लूबर्ड उपग्रह कक्षेत नेला. प्रक्षेपण झाल्यावर तो भलामोठा अँटेना उलगडतो का, संदेश ठरल्या वेगाने जातात का, हे कागदावर उशिराच येतं आणि ते समजायला अभियांत्रिकीचं वाचन वेगळं करावं लागतं. तसंच शेअर वाढले म्हणजे कंपनी वाईट, असाही निष्कर्ष काढू नये. हीच एएसटी जानेवारी २०२४ मध्ये ३.१० डॉलरने शेअर विकत होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव ३० च्या वर गेला. त्या विक्रीतून आलेल्या पैशांचाही तिला सप्टेंबरमधल्या पाच उपग्रहांच्या प्रक्षेपणापर्यंत टिकायला हातभार लागला. म्हणून विक्रीचा कागद आला की आधी दोन आकडे काढावेत: एकूण शेअर किती टक्क्यांनी वाढले, आणि त्या पैशांतून रोख किती तिमाह्या पुढे सरकली. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल, तर पुढचा ४२४बी५ फार लांब नसतो.