ऐरोलीची फ्लेमिंगो बोट की नेरुळचं वंडर्स पार्क? रविवार एकच असेल तर

आई आणि सहा वर्षांची भाची, दोघींना घेऊन मागच्या सीझनला दोन्हीकडे जाऊन आले, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय.

ऐरोलीत आपल्या सोयीने जाऊन चालत नाही, तिथे ठाणे खाडीचं घड्याळ. फ्लेमिंगो दाखवायला नेणारी बोट भरतीच्या आसपासच सुटते, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे या रविवारी सकाळी लवकर असेल तर पुढच्या रविवारी थेट दुपारीच. आधी वेळ बघा, बुकिंग करा, मग घरच्यांना सांगा. जे हिरमुसून परत येतात ते बहुतेक चुकीच्या महिन्यात गेलेले असतात नाहीतर पक्षी हाताच्या अंतरावर दिसतील असं धरून चाललेले असतात. हिवाळ्यापासून मे पर्यंतच जा, दुर्बीण न्याच.

पण एकदा का नावाड्याने इंजिन बंद केलं ना, की चिखलाचा वास, बदकांसारखा कलकलाट आणि समोर गुलाबी पट्टाच्या पट्टा! भाचीने कानात विचारलं, मावशी, काही पांढरट का गं? ती पिल्लं, शेवाळ खाऊन खाऊन हळूहळू गुलाबी होतात. 2015 ला अभयारण्य झालं, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, आणि हे आपल्या ठाणे खाडीत आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो. आईला मात्र हलत्या बोटीत चढताना दोघांनी धरावं लागलं, गुडघे दुखत असतील तर विचार करा.

वंडर्स पार्कला असलं काही टेन्शन नाही. सपाट रस्ते, बसायला जागा, ताजमहाल वगैरे आश्चर्यांच्या प्रतिकृती, टॉय ट्रेन, पोरं खूश. फक्त रविवारी संध्याकाळी अर्धी नवी मुंबई तिथेच असते, त्यापेक्षा मधल्या वारी जा, फोटो पण नीट येतात. ठाण्यात राहणाऱ्यांना कोलशेतचं सेंट्रल पार्क जवळ पडेल, 2024 ला सुरू झालंय, पण तो नुसता निवांत फिरायचा बेत.

पोरं पाचच्या आतली किंवा सोबत कोणी नीट चालू न शकणारं असेल तर डोळे झाकून नेरुळ. बाकी सगळ्यांनी ऐरोली, भरतीची वेळ अडचणीची असली तरी. आमच्या भाचीने टॉय ट्रेनचं नाव परत काढलं नाही, फ्लेमिंगो मात्र अजून वहीत काढतेय, लांबच लांब पायांचे.