जास्वंद लावावी की एक्झोरा? फुलाआधी माती आणि पाणी बघा

उन्हाची एकच जागा मोकळी आहे आणि तिथे बारमाही फुलणारं झुडूप हवं आहे, तर शेवटी बहुतेकांच्या यादीत दोन नावं उरतात: जास्वंद आणि एक्झोरा. दोन्ही उष्ण प्रदेशातली, दोन्ही सदाहरित, दोन्हींना ऊन लागतं आणि दोन्ही कुंडीतही नांदतात. मग निवड होते ती फुलाच्या रूपावर. रोपवाटिकेत त्या दिवशी जे जास्त फुललेलं असेल, ते घरी येतं.

फूल दोघांचंही देखणं आहे, त्यावर वाद नाही. पण जास्वंद मेहनत मागते ती माणसाकडून आणि एक्झोरा मागतो मातीकडून. आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे आधी बघितलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

चुन्याचा प्रश्न

सुरुवात मातीपासूनच करायला हवी, कारण एक्झोराचं जमणार की नाही, हे इथेच ठरतं. एक्झोरा हा कॉफीच्या कुळातला, मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (म्हणजे पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ ते ६. जास्वंदीलाही किंचित आम्लधर्मी मातीच आवडते, पण सामू ७ च्या थोडा वर गेला तरी ती कुरकुर करत का होईना, जगते आणि फुलते. एक्झोरा फक्त जगतो.

कारण असं की, चुनखडीच्या मातीत लोह नसतं असं नाही, पण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं. मुळांना ते घेता येत नाही. मग नवी पालवी पिवळी येते, तिच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कमतरता वाढली की कोवळी पानं जवळजवळ पांढरी पडतात. भिंतीलगत लावलेला एक्झोरा असा पिवळा पडलेला हमखास दिसतो. बांधकामातला चुना आणि सिमेंट मातीत झिरपतं, शिवाय पाया खणताना पुरलेला राडारोडा तिथेच असतो. नेमकी तीच जागा आपल्याला शोभेसाठी सोयीची वाटते.

आपल्या मातीचं कसं आहे, हे बघायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. कोरडी माती चमच्यात घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं, तर मातीत मोकळा चुना आहे. पाण्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा कडक थर बसत असेल, तर ते पाणी जड आहे. माती कितीही चांगली आणून भरली, तरी असं पाणी रोज घालून तुम्ही तिचा सामू हळूहळू वर नेत असता.

यावर उपाय आहेत, पण ते कायम करत राहावे लागतात. गंधक मातीत मिसळलं तर जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि सामू उतरतो. याला महिने लागतात, आणि चुना भरपूर असेल तर तो सगळं आम्ल गिळून पुन्हा तसाच. साधं फेरस सल्फेट अशा मातीत घातलं की लवकरच तेही अडकतं. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, लागू पडतं, पण त्या रसायनानुसार त्यातही फरक आहे. ईडीटीए प्रकारचं लोह आम्लधर्मी मातीत ठीक. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचंच घ्यावं, कारण ते चढ्या सामूलाही टिकतं. पानांवर फवारलेल्या लोहानं रंग झटपट सुधारतो, पण तो त्याच पानांपुरता. पुढची पालवी पुन्हा पिवळी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माती फसफसत असेल आणि पाणीही जड असेल, तर एक्झोरा जमिनीत लावूच नये. फारच मन बसलं असेल तर कुंडीत लावा, भरपूर पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट घाला आणि जमेल तितकं पावसाचं साठवलेलं पाणी द्या. उलट माती लाल, निचऱ्याची आणि पाणी मऊ असेल, तर एक्झोरासारखं बिनतक्रार झुडूप मिळणं कठीण.

फुलण्याची तऱ्हा आणि कात्री

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमललं की संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं. काही संकरित जातींची फुलं दोन-तीन दिवस टिकतात, पण तेवढंच. एक्झोराचा गुच्छ मात्र आठवडेच्या आठवडे झाडावर राहतो, कारण त्यातली चार पाकळ्यांची फुलं एकदम न उमलता टप्प्याटप्प्यानं उमलतात. त्यामुळे रोज ताजं फूल तोडायचं असेल तर जास्वंद, आणि लांबून रंगाचा ठसा दिसायला हवा असेल तर एक्झोरा. सुगंधासाठी दोघांकडेही जाऊ नये. एक्झोरामध्ये पांढऱ्या फुलांची एक जात सुवासिक असते, हा अपवाद.

छाटणीचा फरक मात्र बारकाईनं समजून घेण्यासारखा आहे. जास्वंदीची पानं फांदीवर एकाआड एक येतात आणि कळी पानाच्या बेचक्यातून निघते, तीही नव्या वाढीवर. म्हणजे फांदी जितकी पुढे सरकेल, तितक्या कळ्या. वाढ थांबली की फुलं थांबली. म्हणून जुनी, लाकडी झालेली जास्वंद एक तृतीयांश कापायला घाबरू नये. कापल्यावर दोन-तीन महिने फुलांचा दुष्काळ पडतो, मग ती नव्या जोमानं फुलते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर कापलं, की फुटवा बाहेर जातो आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. सगळं झुडूप एकदम कापण्याऐवजी निम्म्या फांद्या आज आणि उरलेल्या महिन्याभरानं कापल्या, तर फुलं पूर्ण बंदही पडत नाहीत.

एक्झोराची पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि फूल फक्त शेंड्याला. गुच्छ सुकल्यावर त्याच्याखाली कापलं, तर त्या जोडीतले दोन्ही डोळे फुटतात. एकाचे दोन शेंडे, म्हणजे पुढच्या खेपेला दोन गुच्छ. इतकं साधं गणित असूनही माणसं एक्झोराचं कुंपण दर महिन्याला कात्रीनं सपाट करतात आणि मग याला फुलं का येत नाहीत, म्हणून खत घालत बसतात. प्रत्येक वेळी शेंड्यातली होऊ घातलेली कळीच कापली जाते. कुंपण रेखीव हवं असेल तर फुलांवर पाणी सोडावं लागेल. किंवा ठेंगण्या जातीचा एक्झोरा निवडावा, म्हणजे कात्री लागतच नाही.

रोजची हजेरी

इथे जास्वंद महाग पडते. तिला पाणी, अन्न आणि लक्ष, तिन्ही जास्त लागतं. कडक उन्हात कुंडीतली माती एकदा पूर्ण कोरडी झाली, की दुसऱ्या दिवशी कळ्या गळालेल्या दिसतात. पाणी साचूनही तेच होतं, म्हणून निचरा हवाच. एक्झोरालाही ओल आवडते, पण एखादा दिवस चुकला तर तो लगेच रुसत नाही. बुंध्याभोवती पाचोळ्याचं आच्छादन दोघांनाही मानवतं. खोडाला मात्र ते चिकटवू नये.

खताबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘फुलांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या खतांत बऱ्याचदा स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं, आणि जास्वंदीला तेच नको असतं. स्फुरद साठत गेलं की लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं घेणं तिला अवघड जातं. तिला नत्र (नायट्रोजन) मध्यम, स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅश) भरपूर लागतं. हाडांचं खत मूठ-मूठ घालणाऱ्यांनी जास्वंदीपाशी हात आखडता घ्यावा. थोडं थोडं आणि वारंवार, ही तिची पद्धत. एक्झोराला कमी खत पुरतं, पण पालाश कमी पडलं की त्याच्या जुन्या पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके येतात. ते बुरशीचे समजून औषध मारलं जातं आणि ठिपके अर्थातच जात नाहीत.

किडींच्या बाबतीत दोघांची तुलना एकतर्फी आहे. मावा, पांढरी माशी, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण, म्हणजे ज्याला सगळे मिलीबग म्हणतात तो, यांना जास्वंद फार प्रिय. ती भेंडी आणि कापसाच्या कुळातली असल्यामुळे कीडही त्यांच्याशी वाटून घेते. शेजारी भेंडीचा वाफा असेल तर जास्वंद जरा लांबच लावलेली बरी. एक्झोरावरही खवले कीड आणि मावा येतो, मागून पानांवर काळी काजळी चढते, पण पूर्ण झाड ग्रासलेलं क्वचित दिसतं. मुंग्यांची रांग दिसली की दोन्ही झाडांत पानं उलटून बघावीत. मुंग्या या किडींचा गोड स्राव खातात आणि त्यांना राखतात. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि हातानं पुसून काढणं पुरतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावं, भर उन्हात कधीच नाही.

पाणी नीट असूनही जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळत असतील, तर एक कळी उभी चिरून बघा. आत फुलकिडे किंवा बारीक अळ्या सापडतील. गळलेल्या कळ्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात पडून राहू देऊ नयेत. अळी मातीत कोष करते आणि पुन्हा वर येते. हे वेचण्याचं काम रोजचं आहे आणि कंटाळवाणं आहे. ज्यांना आठवड्यातून एकदाच बागेत जायला जमतं, त्यांनी हे लक्षात घेऊन ठरवावं.

बाकीच्या गोष्टी

जास्वंद झपाट्यानं वाढते, जमिनीत सहज दोन-तीन मीटर होते आणि रुंदीही घेते. एक्झोरा संथ, जागा भरायला त्याला काही वर्षं द्यावी लागतात, पण चिंचोळ्या जागेत तोच शोभतो. कुंपणासाठी दोन एक्झोरांत दीड-दोन फूट अंतर पुरे. जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी लावली तर महिना-दीड महिन्यात मुळं धरते. एक्झोराची छाट कलमं उशिरा आणि कमी लागतात, म्हणून तयार रोप घेणंच बरं. ऊन पाच-सहा तास दोघांना हवं. सावलीत जास्वंद उंच, किडकिडीत होते. एक्झोरा आकार राखतो, पण गुच्छ कमी धरतो. पारा १० अंशांच्या खाली उतरतो तिथे दोघंही मरगळतात आणि दव गोठायला लागलं की कुंड्या आत घ्याव्याच लागतात. पाखरांचा विचार असेल तर एक्झोराच्या अरुंद नळीतला मध लांब सोंडेची फुलपाखरं घेतात आणि जास्वंदीवर मधासाठी पक्षी येतात.

पाणीच कमी आहे आणि लक्ष द्यायलाही कोणी नाही, अशा जागेसाठी या दोघांपैकी एकही नको. तिथे बोगनवेल किंवा कण्हेर लावावी. बोगनवेलीला काटे आहेत, हे वाटेकडेला लावताना विसरू नये. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी असते. लहान मुलं किंवा पाळीव जनावरं असतील तिथे ती नकोच.

रोप घेताना

जास्वंदीत मी साधी, पाच पाकळ्यांची लाल जातच आधी सुचवेन. मलेशियानं १९६० साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं तेही जास्वंदीचंच. ही जुनी जात स्वतःच्या मुळांवर वाढते, भरपूर फुलते आणि चुका पोटात घालते. ताटाएवढ्या, तीन-तीन रंगांच्या संकरित फुलांचा मोह होतो, पण त्यांची मुळं बहुधा कमकुवत असतात, म्हणून त्यांचं कलम दुसऱ्या जोमदार खुंटावर केलेलं असतं. जोडाच्या खालून आलेला फुटवा दिसेल तेव्हा काढला नाही, तर तो खुंट वरच्या कलमाला मागे टाकतो. जास्वंदीचं रोप उचलण्याआधी पानांची मागची बाजू आणि शेंड्याच्या बेचक्या बघा; कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप तिथेच ठेवा.

एक्झोराचं रोप घेताना गुच्छाकडे न बघता कोवळ्या पालवीकडे बघा. कोवळी पानं तांबूस किंवा चकचकीत हिरवी हवीत. पिवळी असतील तर ते रोप आधीच उपाशी आहे. उंच रोपापेक्षा बुंध्यापासून फुटलेलं ठेंगणं रोप घ्यावं, आणि लावताना मुळांचा गोळा फुटू देऊ नये. भिंतीपासून निदान तीन फूट अंतर सोडून खड्डा घ्या, आणि त्यात सिमेंटचे तुकडे लागले तर जागा बदला.