ओपिनेल नंबर ८, कार्बन पाते: पुण्यात पोलादापेक्षा लाकडाची काळजी जास्त

घडीचा चाकू रोज जवळ बाळगणाऱ्यांना ओपिनेल या फ्रेंच चाकूबद्दल पहिला प्रश्न पडतो तो हा की, पाते कार्बन पोलादाचे घ्यावे की स्टेनलेस? पुण्यात बारा महिने वापरायचा असेल तर हा प्रश्न दुय्यम आहे. गंज डोळ्यांना दिसतो, पुसता येतो, वेळीच थांबवता येतो. या चाकूचा खरा त्रास मुठीच्या लाकडाचा आहे. ते एप्रिलमध्ये आक्रसते, जुलैमध्ये फुगते आणि चाकू नीट उघडणार की नाही हे तेच ठरवते. म्हणून या परीक्षणात पोलादाला थोडी आणि सांध्याला बरीच जागा दिली आहे.

आधी चाकूची ओळख. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये फ्रान्सच्या सावोआ प्रांतात हा चाकू घडवला आणि १८९७ पासून १ ते १२ असे त्याचे आकार झाले. नंबर ८ चे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. सुटे भाग पाच: पाते, बीच लाकडाची मूठ, पाते मुठीत अडकवणारी खीळ म्हणजे रिव्हेट, मुठीच्या तोंडाशी बसवलेली पोलादी शेंबी आणि शेंबीवर फिरणारे कडे. हे कडे १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी आणले. पाते उघडून कडे फिरवले की त्याची फट पात्याच्या मागून सरकते आणि पाते बोटांवर मिटत नाही. २००० पासून ते मिटलेल्या स्थितीतही लॉक होते, त्यामुळे पिशवीत चाकू आपोआप उघडण्याची भीती उरत नाही. स्प्रिंग कुठेच नाही. पाते जागेवर राहते ते लाकूड आणि पोलाद यांच्या घर्षणावर, आणि पुण्याच्या हवेत अडचण तिथेच येते.

कापण्यात मात्र हा चाकू फार वरच्या दर्जाचा आहे. पाते जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड आणि धारेकडे हलक्या फुगीर उतारावर पातळ होत गेलेले आहे. पेरूची फोड पाडताना फळ तडकत नाही, पाते सरळ खाली जाते. कैरीची साल, काकडीच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, कुरिअरच्या खोक्याची टेप, गोणीची सुतळी ही याची रोजची कामे. उसाचे कांडे सोलता येते, पण पेरावर जोर लावू नका. सुपारी फोडायला, करवंटीतून खोबरे उचकटायला किंवा डब्याचे झाकण उघडायला हा चाकू नाही. पातळ धार आडव्या जोराने लगेच तुटते आणि मग सगळे पाते घासून खाली आणावे लागते. फणस कापायचा असेल तर पात्याला आधी खोबरेल लावा. चीक कड्याखाली गेला की कडे फिरेनासे होते.

कार्बन पात्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो आणि गंज रोखण्याइतके क्रोमियम नसते. स्टेनलेस पात्यावर ‘इनॉक्स’ असा शिक्का असतो, त्यात क्रोमियम १४ टक्क्यांच्या आसपास असते. कार्बन पाते दगडावर लवकर धार घेते, आणि हे पहिल्याच दिवशी जाणवते. त्याची किंमतही पहिल्याच दिवशी मोजावी लागते. कोरे पाते कैरीत किंवा कांद्यात घातले की पाते काळे पडते, फोडीवर करडा डाग येतो, तोंडात लोखंडाची चव राहते. पात्यावर निळसर करडा थर एकदा धरला की हे बरेच थांबते. वापरत राहिलात तर तो थर आपोआप धरतो. घाई असेल तर पाते भांड्यांच्या साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढा, कापडाला कोमट व्हिनेगर लावून ते पात्याभोवती दहा मिनिटे गुंडाळून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. दोन-तीन वेळा केले की पुरते. तेलकट बोटांचे ठसे राहिले तर तेवढा भाग पांढरा राहतो, म्हणून धुतल्यावर पात्याला हात लावू नका. करडा थर म्हणजे गंज नव्हे. गंज तांबूस असतो, बोटाला लागतो आणि पोलाद खातो. तसा ठिपका दिसला की लगेच तेलात भिजवलेल्या दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने (भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) काढा.

आता लाकूड. मुठीला कारखान्यातून वार्निश लावलेले असते, पण पाते ज्या खाचेत मिटते तिच्या आत ते नीट पोचत नाही. जूनच्या मध्यापासून हवेतला ओलावा तिथूनच लाकडात शिरतो. खाचेच्या दोन्ही भिंती आत फुगतात आणि शेंबीजवळ पात्याचे मूळ घट्ट धरतात. नख घालायच्या खाचेत नख तुटेल इतके पाते अडकते. चाकू नळाखाली धरून धुतला असेल तर हे एका रात्रीत होते. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तोच चाकू सैल पडतो आणि पाते डावीकडे-उजवीकडे किंचित हलते. दुकानात हातात घेतलेला चाकू छान मऊ उघडला म्हणून तो पावसाळ्यातही तसाच उघडेल असे समजू नका. कोणत्या महिन्यात विकत घेतला, यावर ते अवलंबून असते.

उपाय पावसाआधी करायचा असतो, लाकूड सर्वांत कोरडे असते तेव्हा, म्हणजे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. चाकू उघडून तीन-चार दिवस सावलीत ठेवा. मग सर्क्लिप प्लायरने, म्हणजे कडी फाकवायच्या पकडीने, कडे काढा. प्लायर आणि वॉटर पेपर दोन्ही बोहरी आळीत सहज मिळतात. कड्याच्या फटीत प्लायरची टोके घालून लागेल तेवढेच फाकवा. जास्त ताणले तर कडे पुन्हा घट्ट बसत नाही. काढताना वरून कापड धरा, ते उडते. रिव्हेटला हात लावायची गरज नाही. पाते अर्धे उघडून खाचेच्या भिंती उजेडात बघा. पोलाद जिथे घासते तिथे लाकूड गडद आणि चकचकीत झालेले असते. आइस्क्रीमच्या काडीला २२० नंबरचा पेपर गुंडाळून फक्त त्या जागी प्रत्येक बाजूला पाच-सहा हात मारा, भुसा झटका, पाते उघडून-मिटवून बघा, गरज वाटली तरच पुन्हा घासा. इथे घाई केली की चाकू पुढच्या उन्हाळ्यात खुळखुळतो, आणि गेलेले लाकूड परत येत नाही.

त्यानंतर तेल. घाण्याचे जवसाचे तेल थेंबाथेंबाने खाचेत सोडा, वीस मिनिटांनी उरलेले पुसा, असे तीन दिवस करा आणि पंधरा दिवस चाकू उघडा ठेवून सुकू द्या. जवस हवेत सुकून लाकडात कडक होते, म्हणून तेच वापरायचे. शेंगदाणा तेल सुकत नाही, चिकट होते आणि खवट वास धरते. खोबरेलही सुकत नाही, शिवाय डिसेंबरात बाटलीत गोठते तसे सांध्यातही गोठते. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड लिनसीड हेही जवसाचेच तेल, ते लवकर सुकते, पण त्यात सुकवणारी रसायने घातलेली असतात. फळे कापायच्या चाकूच्या खाचेत ते नको. जवसाने भिजलेली चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. शेवटी सांध्यात वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली घालून हेअर ड्रायरने गरम करा. ती वितळून फटीत उतरली की बाहेरची पुसून कडे परत बसवा. पाऊसभर पुरते. मुठीला बाहेरून तेल द्यायचे असेल तर आधी वार्निश घासून काढावे लागते, नाहीतर तेल नुसते वर बसते.

हे न करताच पावसाळा आला आणि पाते अडकले, तर पकडीने ओढू नका. पाते सुटते तेव्हा झटक्याने सुटते आणि टोक समोरच्या हाताकडे येते. कडे उघड्या स्थितीत आणा आणि मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर टणकन आपटा. पाते थोडे बाहेर येते, मग दोन बोटांनी त्याच्या पाठीला धरून उघडा. सावोआत हीच रीत आहे. नंतर चाकू ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात दोन दिवस ठेवा. ओव्हनमध्ये किंवा गॅसजवळ वाळवला तर लाकूड शेंबीपाशी चिरते. उन्हाळ्यातल्या सैलपणाला मात्र काही करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कडे लॉक केले की पाते पक्के असते, आणि मेमध्ये रिव्हेट ठोकून घट्ट केलेला चाकू जुलैमध्ये उघडत नाही.

धुताना पाते खालच्या दिशेला धरा, म्हणजे पाणी खाचेत न जाता टोकावरून ओघळते. कड्याखाली थेंब राहतोच, तो कापडाच्या टोकाने टिपा आणि तासभर चाकू उघडा ठेवा. कार्बन पात्यावर लाल ठिपके सर्वांत आधी उगवतात ते कड्याखाली.

धारेसाठी एकच सांगणे: चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, निळी पडते आणि तिथले पोलाद मऊ होते. विळीच्या जाड पात्याला ते सोसते, याला नाही. घरी हजार ग्रिटचा पाण्याचा दगड पुरतो. तो नसेल तर जाड काचेवर ओला वॉटर पेपर चालतो. कोन प्रत्येक बाजूला २० अंश, म्हणजे पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून वर. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक कणी बोटाला जाणवली की बाजू बदला. दोन्हीकडून कणी उठल्यावर दाब कमी करत न्या आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-दहा वेळा ओढा. रोज फळेच कापत असाल तर पुढे बराच काळ फक्त पट्टा पुरतो.

बाळगण्याबद्दल. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. नंबर ८ चे पाते साडेतीन इंचही भरत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो तेव्हा चाकू बाळगण्यावरच बंदी येऊ शकते, लांबी कितीही असो. सणावारी आणि निवडणुकीच्या काळात असे आदेश निघतात, तेव्हा चाकू घरीच ठेवावा. मेट्रो, मॉल, नाट्यगृह, न्यायालय, जिथे पिशवी तपासतात तिथे नेऊ नये. विमानात तो फक्त चेक-इन सामानात जातो. एरवीही खिशापेक्षा पिशवी बरी, डब्याच्या कप्प्यात फळांसोबत. मेमध्ये पँटच्या खिशातला घाम कार्बन पात्यावर दुपारपर्यंत डाग पाडतो, हे दुसरे कारण.

इतकी निगा ज्यांना जमणार नाही त्यांनी स्टेनलेस नंबर ८ घ्यावा, असे बहुतेक जण सुचवतात. आमचा सल्ला वेगळा आहे. स्टेनलेसची मूठ त्याच लाकडाची असते आणि तितकीच फुगते. लाकडाची कटकटच नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ॲलॉक्स मुठीचा कॅडेट किंवा पायोनियर घ्या. ॲल्युमिनियमची मूठ, उघडल्यावर स्प्रिंगने जागेवर राहणारे पाते, नळाखाली धुवा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. पाते लॉक होत नाही, त्यामुळे टोकाने ढोसायची कामे त्याने करू नयेत. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी हाही बिनलाकडाचा पर्याय आहे. पत्रा दुमडून केलेली मूठ आणि मागे अंगठ्याने दाबून धरायची पट्टी, बस्स. अंगठा ढळला की पाते मिटते, म्हणून ज्याने आधी घडीचा चाकू वापरलेला नाही त्याच्या हातात तो देऊ नये.

विकत घेताना पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण बघा. मिटवल्यावर टोक लाकडाच्या पातळीखाली गेले पाहिजे आणि धार खाचेच्या भिंतीला टेकता कामा नये. पाते खाचेच्या अगदी मधोमध नसणे हा दोष नाही, लाकडी मुठीत तसे होतेच. कडे एका बोटाने फिरावे, पण स्वतःहून सरकू नये.

संग्रह करायचा असेल तर आकारांपासून सुरुवात सोपी. नंबर १ आणि ११ कधीच बंद झाले, २ ते ५ ला कडे नसते, ६ पासून पुढे असते. नंबर ६ चे सात सेंटिमीटरचे पाते बायकांच्या पर्समध्ये किंवा लहान हाताला ८ पेक्षा सोयीचे. जुन्या चाकूंची आवड असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफिल्डचे चाकू धुंडाळता येतात. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे चांदणी आणि माल्टीज क्रॉस, पण तिच्या नकलाही पुष्कळ झाल्या, तेव्हा शिक्क्यापेक्षा स्प्रिंग तपासा. पाते ठाम आवाजात मिटले पाहिजे आणि वारंवार धार लावून अरुंद झालेले नसावे. पात्यांच्या कारागिरीत आपल्याकडे काय झाले ते बघायचे तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा. एकाच सांध्यावर किती आकार बसवले आहेत!

घरी ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे पावसाळ्यात ओलावा धरते आणि पोलाद तिथेच खड्डे पाडून गंजते. पात्याला केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात द्या, प्रत्येक चाकू वेगळ्या सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेल टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडून एकेक पाते उजेडात बघा. सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू हाती लागला असेल तर त्याला वेगळा डबा द्या. त्या मुठीतून कालांतराने निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते.