ई-श्रम कार्ड : कामगाराची नोंद झाली, मालकाची राहिली

केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाचे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले आणि आजवर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांनी त्यावर नाव नोंदवले आहे. धुणीभांडी करणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, हातगाडीवर भाजी विकणारे अशा आमच्या वस्तीतल्या लोकांचे अर्ज मी भरून देते. त्या अनुभवावरून आणि योजनेच्या नियमांवरून या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. ज्यांनी अद्याप नोंदणी केली नसेल त्यांनी ती जरूर करावी, असे माझे मत आहे. मात्र कार्ड हातात आल्यावर कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरू नये, हे कामगाराला कोणी समजावून सांगत नाही. शिवाय या सेवेतली सर्वांत मोठी उणीव अर्जात जो रकाना मुळात ठेवलेलाच नाही, त्या रकान्याची आहे.

हे पोर्टल का निघाले ते आधी आठवले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली सोडून पायी गावाकडे निघाले, तेव्हा ते किती आहेत, कोणत्या कामावर होते, कोणत्या जिल्ह्यातले आहेत, याची एकत्रित नोंद देशात कोठेही नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वाटेत मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर सरकारला संसदेत द्यावे लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीचे पोर्टल ३१ जुलैपर्यंत कार्यान्वित करण्यास सांगितले आणि महिनाभराच्या विलंबाने का होईना, ते आले. देशातील असंघटित कामगारांची संख्या सुमारे ३८ कोटी धरली गेली होती. त्यातल्या तीस कोटींची नोंद होणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

नोंदणीची प्रक्रिया सोपी आहे. वय १६ ते ५९ च्या दरम्यान असावे आणि अर्जदार भविष्य निर्वाह निधीचा किंवा राज्य कामगार विमा योजनेचा सभासद नसावा. आधार क्रमांक टाकल्यावर त्याला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. त्यानंतर पत्ता, शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्नाचा गट आणि बँक खाते ही माहिती स्वयंघोषणेने भरायची असते आणि शेवटी बारा अंकी क्रमांकाचे कार्ड उतरवून घेता येते. उत्पन्नाचा दाखला, मालकाचे पत्र, नगरसेवकाची सही यांपैकी काहीच लागत नाही. ज्या बाईला एकेका दाखल्यासाठी आठवड्याचे खाडे करावे लागतात, तिच्यासाठी हे किती महत्त्वाचे आहे, ते सरकारी कार्यालयाच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसालाच समजेल.

अडचण येते ती मोबाइल क्रमांकाची. अनेक बायकांच्या आधारला नवऱ्याचा, मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो, आणि मग आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्यावा लागतो. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, तरीही आमच्या भागातल्या एका केंद्रावर तिच्यासाठी पैसे घेतले जात होते. वाचकांनी अशा ठिकाणी पैसे देऊ नयेत आणि १४४३४ या मदत क्रमांकावर तक्रार करावी. व्यवसायाच्या यादीत सुमारे चारशे प्रकार आहेत, त्यामुळे नेमके काम निवडायला वेळ द्यावा. सकाळी चार घरची भांडी घासून संध्याकाळी खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईने मुख्य व्यवसायाबरोबर दुय्यम व्यवसायाचा रकानाही भरावा, कारण घाईत भरलेला अर्ज पुढे तिच्याच आड येऊ शकतो.

“ताई, हे कार्ड दाखवलं की खात्यात पैसे येतात ना?” हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. उत्तर प्रदेश सरकारने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या नोंदणीकृत कामगारांच्या खात्यांत भत्त्याचे पैसे जमा केले, आणि दरमहा हजार मिळतात, तीन हजार मिळतात, अशा बातम्या मोबाइलवरून देशभर फिरल्या. या कार्डावर आपोआप दरमहा कोणतीही रक्कम मिळत नाही. ज्या तीन हजारांची चर्चा होते, ते प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या २०१९ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या योजनेतले निवृत्तिवेतन आहे. ते वयाच्या साठीनंतर मिळते आणि त्यासाठी १८ ते ४० या वयात नाव नोंदवून वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये स्वतः भरावे लागतात. तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. उद्याच्या हजेरीची खात्री नसलेल्या माणसाने वीस-तीस वर्षे खंड न पडता हप्ता भरावा, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. चाळिशी ओलांडलेल्या बाईला तर त्या योजनेचे दारच बंद आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत अशाच बायका जास्त असतात.

अपघात विम्याबाबतही गैरसमज आहे. दोन लाखांच्या सानुग्रह मदतीची जी तरतूद ई-श्रमशी जोडली गेली, ती ३१ मार्च २०२२ पर्यंत घडलेल्या अपघातांसाठी होती. आज नोंदणी करणाऱ्याने केवळ कार्डावर विसंबू नये. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरावा. तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाने हे काम आजच्या आज करावे, असे मी कळकळीने सांगते.

या नोंदणीचा सर्वांत खरा लाभ मला रेशनच्या बाबतीत दिसतो. ई-श्रमवर नोंद असलेल्या सुमारे आठ कोटी लोकांकडे अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाच नाही, असे यादी पडताळल्यावर उघड झाले, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तीन महिन्यांत शिधापत्रिका देण्याचे आदेश राज्यांना दिले. अंमलबजावणी रखडल्यामुळे न्यायालयाला पुढेही विचारणा करावी लागली, हे खरे. पण नावांची यादी हाती असल्याशिवाय तो आदेश निघूच शकला नसता. जो मोजला गेला त्याला मागता आले.

आता मूळ उणिवेकडे येते. या अर्जात कामगाराची सगळी माहिती आहे, पण तो कोणाकडे काम करतो हे लिहायला घरकामगार, बिगारी किंवा हमाल यांच्यासाठी जागाच नाही. सरकारी नोकराला पहिल्या दिवसापासून सेवापुस्तक असते. त्यात नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली हे सारे चढत जाते, आणि निवृत्तीच्या दिवशी त्या नोंदीवरच त्याचा हक्क उभा राहतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले. ई-श्रमवर नोंद झालेल्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांनी सुरुवातीच्या काळात आपले मासिक उत्पन्न दहा हजार किंवा त्याहून कमी असल्याचे सांगितले होते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि पुढल्या वर्षी पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक आले, त्याचे कारण याच दरीत आहे. आमच्या वस्तीतल्या ज्या बायकांची मुले पहाटे मैदानावर धावायला जातात आणि रात्री अभ्यासिकेत बसतात, त्या मुलांना पगाराच्या आकड्याइतकीच ओढ आपल्याला कामावर ठेवणारा कोणीतरी कायद्याने बांधलेला असण्याची आहे.

सरकारी नोकरी सर्वांना मिळणार नाही, हे उघड आहे; पण असंघटित कामातही मालकाला बांधता येते, हे महाराष्ट्राने पूर्वीच करून दाखवले आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या व्यवस्थेत टोळीतल्या कामगाराबरोबर व्यापाऱ्यालाही या कायद्याखालच्या माथाडी मंडळात नोंद करावी लागते. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वर द्यायची ठरावीक रक्कम, तो मंडळाकडे भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्यांचा पगार, औषधोपचार यांची सोय होते. दिवसात पाच गाळ्यांवर ओझे वाहिले तरी पाचही ठिकाणची मजुरी एकाच खात्यात मोजली जाते. माथाडी मंडळांत दोष शिरले आहेत, बोगस टोळ्यांच्या नावाने पैसे उकळल्याच्या तक्रारीही होतात, आणि अनेक मालक नोंदणी टाळतात. तरीही पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला निवृत्तीच्या वेळी हाती रक्कम मिळण्याची वाट याच कायद्याने काढली. ई-श्रमची रचना करताना हा अनुभव पन्नास वर्षांचा झाला होता, आणि तो विचारात घेतला गेला नाही, याचे मला दुःख आहे.

सरकार स्वतः जेथे काम करवून घेते तेथेही हीच स्थिती आहे. ई-श्रमसाठी पात्र ठरणाऱ्यांच्या यादीत आशा सेविका आणि रोजगार हमीचे मजूर यांचा समावेश आहे. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची नोंद ठेवणारी, लसीकरणाला बाळे आणणारी आशा शासनाच्याच आरोग्य यंत्रणेत राबते आणि शासनाच्याच पोर्टलवर असंघटित कामगार ठरते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

अलीकडे एका बाबतीत मात्र दिशा योग्य वळली आहे. घरपोच खाद्यपदार्थ आणि सामान पोहोचवणाऱ्या, तसेच प्रवासी वाहने पुरवणाऱ्या कंपन्यांना आपल्या कामगारांची माहिती ई-श्रमशी जोडण्याची सोय डिसेंबर २०२४ पासून करण्यात आली, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी देण्याची तरतूद आहे. म्हणजे काम देणाऱ्याचे नाव नोंदवणे याच पोर्टलवर शक्य आहे. मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकावर तर घरकामगार बाईचा फोटो, ती कोणत्या सदनिकांत काम करते आणि किती वाजता आत गेली, हे सारे आजच रोज नोंदले जाते. ती नोंद राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे. बाईच्या म्हातारपणासाठी तिचा उपयोग करण्याचे कोणी मनावर घेतलेले नाही. प्रत्येक सदनिकाधारकाने महिन्याला पगाराच्या काही टक्के रक्कम मंडळाकडे भरावी, अशी व्यवस्था करायला लागणारी माहिती फाटकावर तयार आहे.

अर्जात मालकाचा रकाना येईपर्यंत, मी ज्यांचे अर्ज भरते त्यांना कामाच्या प्रत्येक घराचा किंवा ठेकेदाराचा पत्ता, काम धरल्याची तारीख, ठरलेला पगार आणि दर महिन्याला मिळालेली रक्कम वहीत लिहून ठेवायला सांगते. शक्य असेल तेथे पगार रोख न घेता खात्यावर घ्यावा. पगार थकला किंवा कामावर इजा झाली, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आपण त्या घरी काम करत होतो हे आधी दाखवावे लागते आणि ई-श्रम कार्डावर त्याचा पुरावा नसतो.