बद्धकोष्ठतेसाठी फायबर: डब्यात काय आहे आणि पेल्यात किती पाणी

फायबरच्या सगळ्या डब्यांवर पुढच्या बाजूला ‘फायबर’ हाच शब्द ठळक असतो, पण आतला माल एकसारखा नसतो. डबा फिरवून घटक वाचले की इसबगोल (म्हणजेच सिलियम), मिथाइलसेल्युलोज, इन्युलिन किंवा व्हीट डेक्स्ट्रिन यांपैकी एखादं नाव सापडतं. खरी निवड इथेच होते.

बद्धकोष्ठतेसाठी आमची पहिली पसंती इसबगोलालाच. त्याची भुशी पाणी शोषून बुळबुळीत होते आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना ती फारशी आंबवता येत नाही. त्यामुळे शोषलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं आणि मळ मऊ राहतो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही तपासलेल्या फायबरपैकी इसबगोलच परिणामकारक दिसतं, असं म्हटलंय. इन्युलिन आणि डेक्स्ट्रिन पाण्यात बेमालूम विरघळतात, गिळायला काही त्रास नाही, म्हणून लोकांना आवडतात. पण जिवाणू ते फस्त करतात आणि मागे उरतो गॅस, विशेषतः इन्युलिनचा. मिथाइलसेल्युलोज आंबत नाही. इसबगोलानं पोट फार फुगत असेल तर ते बघावं.

कॅप्सूल सोयीच्या वाटतात, पण एकीत साधारण अर्धाच ग्रॅम भुशी मावते. पाच ग्रॅमसाठी दहा गिळायच्या, त्याही भरपूर पाण्यासोबत. सोय कसली त्यात? पावडरच बरी. मात्र चमच्यावर विसंबू नये. अख्खी भुशी हलकी असते, बारीक दळलेली जड, आणि स्वादाच्या पावडरीत चमच्याचा बराचसा भाग साखरेचाच असू शकतो. एका मात्रेत फायबर किती ग्रॅम, तो आकडा लेबलावर पाहावा.

सुरुवात दिवसातून एकदा ३-४ ग्रॅमनं. आठवडाभर तेवढंच, मग हळूहळू वाढवत दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन वेळांत विभागून. लेबलावरची कमाल मात्रा ओलांडू नये. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. नेमका इथेच धीर सुटतो: दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून चमचे दुप्पट, पाणी मात्र तेवढंच. मग पोट तट्ट फुगतं.

पेल्यात आधी किमान २४० मिलिलिटर पाणी घ्यावं, वरून भुशी भुरभुरवत ढवळावी आणि लगेच प्यावी. उलट केलं, म्हणजे भुशीवर पाणी ओतलं, तर गुठळ्या होतात: बाहेरून चिकट, आतून कोरड्या ठाक. पेला तसाच ठेवला तर काही मिनिटांत खळीसारखा घट्ट होतो. तो चमच्यानं खाऊ नये, टाकून द्यावा. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं सर्वात धोक्याचं, कारण ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. प्यायल्यावर लगेच आडवं होऊ नये.

बाकीची औषधं आणि फायबर यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. लिथियम, डिगॉक्सिन, कार्बामाझेपिन किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर जास्त उतरू शकते, तेव्हा मोजत राहावी.

गिळायला त्रास होणारे, आतडं अरुंद झालेले किंवा पूर्वी आतड्यात अडथळा येऊन गेलेले यांनी हा डबा घेऊच नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुदाशयात मळ घट्ट बसला असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो. तसं न करता फायबर घेणं म्हणजे बंद दाराशी गर्दी वाढवणं. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेतही ते टाळतात. डबा ओतताना उडणारी धूळ नाकात गेली तर काहींना शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, म्हणून तो तोंडाजवळ धरून झटकू नये.

नीट घेऊनही चार आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांशी बोलून पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखा (आतड्यात पाणी धरून मळ मऊ ठेवणारं औषध) दुसरा पर्याय घ्यावा. शौचातून रक्त पडत असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल तर महिनाभर थांबू नये. घेतल्यावर छातीत दुखलं, गिळता किंवा श्वास घेता येईना, अथवा उलट्यांसोबत पोट फुगून वारासुद्धा सरेना, तर तडक इस्पितळ गाठावं.